पुण्याने जगाला काय दिलं? एचआयव्ही संशोधनाची तीन दशकं

सातारा, सांगली, सोलापूरकडून येणाऱ्या एसटी स्वारगेटला रिकाम्या होतात. तिथून शिवाजी रस्त्याने मंडईकडे निघालं की गाडीखान्यात महापालिकेचा डॉ. कोटणीस दवाखाना लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, सुरू केली. तिची प्रयोगशाळा भोसरीत. पण तिचे प्रश्न आले ते गाडीखान्यासारख्या दवाखान्यांत नंबर लावून बसलेल्या माणसांकडून.

पहिला मोठा धडा बायकांनी दिला. १९९३ ते १९९६ दरम्यान पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. देहविक्रय करणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या बाधित होत्या. उरलेल्या ३९१ जणींतही हे प्रमाण १३.६ टक्के निघालं, आणि त्यांतल्या बहुतेक जणी संसारी होत्या. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दवाखान्यात आलेल्यांचे हे आकडे साऱ्या शहराचे नव्हेत, हे खरं. पण ‘वाईट चालीच्यांचा रोग’ ही समजूत त्यांनी मोडीत काढली. पतिव्रता असणं हे संरक्षण नव्हतं.

मग बाळांचा प्रश्न आला. ससून रुग्णालयात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने बाधित आयांचं दूध पिणाऱ्या बाळांना नेव्हिरॅपिन या विषाणूरोधक औषधाचा एकच डोस पुरतो की सहा आठवडे द्यावं, हे तपासलं. इथिओपिया आणि युगांडाच्या जोडीने झालेल्या या अभ्यासाचे निकाल २००८ मध्ये आले. सहाव्या आठवड्याला संसर्ग निम्म्यावर आला होता. सहा महिन्यांनी मात्र फरक आक्रसला. औषध थांबलं, दूध चालू राहिलं, की धोकाही चालूच राहतो, हे त्यातून कळलं. त्याआधी २००५ मध्ये ‘नारी’त देशातली पहिली एचआयव्ही लसचाचणीही झाली, पण ती लस पुरेशी प्रतिकारशक्ती जागवू शकली नाही.

सर्वांत मोलाचं उत्तर जोडप्यांनी दिलं. एक बाधित, दुसरा निरोगी अशी नऊ देशांतली १,७६३ जोडपी ‘एचपीटीएन ०५२’ या चाचणीत होती. त्यांत पुण्यातलीही होती. निम्म्या जोडप्यांत बाधिताला लगेच विषाणूरोधक गोळ्या सुरू झाल्या, बाकीच्यांत रोगप्रतिकारक सीडी-४ पेशी घटल्यावर किंवा एड्सशी निगडित आजार झाल्यावर. जोडीदाराला लागण झालीच, तर दोघांच्या विषाणूंची जनुकीय रचना ताडून पाहिली जाई: संसर्ग घरातलाच की बाहेरचा? २०११ पर्यंत घरातले संसर्ग २८ ठरले. त्यांतले २७ उशिरा उपचार मिळालेल्या गटातले होते, लगेच गोळ्या घेणाऱ्यांत फक्त एक. जोखीम ९६ टक्क्यांनी घटली होती. उपचार हाच प्रतिबंध, हे सिद्ध झालं.

सीडी-४चा आकडा न पाहता प्रत्येक बाधिताला गोळ्या द्यायचं धोरण भारतात २०१७ मध्ये आलं. बाधितांशी भेदभाव करायला मनाई करणारा कायदाही त्याच वर्षी झाला, २०१८ मध्ये लागू झाला. ज्यांनी रक्त दिलं, वर्षानुवर्षं फेऱ्या मारल्या, त्यांची नावं गुप्त राहिली, आणि ती तशीच राहायला हवीत. त्यांचं ऋण फेडायचा मार्ग एकच. नियमित गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही, हे या गोळ्या देणाऱ्या प्रत्येक एआरटी केंद्रात, प्रत्येक जोडप्याला आणि त्यांच्या घरच्यांनाही स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं पाहिजे. पुण्यातल्या जोडप्यांनी मिळवून दिलेलं हे ज्ञान आधी त्यांच्यासारख्यांच्या घरात पोचायला हवं.