नगरचा ‘चांदबीबी महाल’ नेमका कोणाचा? डोंगरावरच्या त्या कबरी कोणाच्या? जाणून घ्या

केडगावहून शहर ओलांडून भिंगारमार्गे पाथर्डी रस्त्याला लागले की पूर्वेकडच्या डोंगरावर एक तीन मजली दगडी इमारत उभी दिसते. सुट्टीच्या दिवशी नगरकरांची पावले हमखास तिकडे वळतात. सगळे तिला ‘चांदबीबी महाल’ म्हणतात. मात्र, ही वास्तू चांदबीबीची नाही आणि महालही नाही. ते एका मंत्र्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे दफनस्थळ आहे.

मग ही कबर कोणाची?

ही कबर निजामशाहीचा मंत्री सलाबतखान दुसरा याची आहे. मुर्तझा निजामशाह पहिला (१५६५ ते १५८८) याच्या काळात तो कारभारी होता. मुर्तझा राज्यकारभारातून अंग काढून एकांतात राहू लागला, तेव्हा राज्याचा गाडा प्रत्यक्षात मंत्रीच हाकत होते. त्यांपैकी सलाबतखानाची कारकीर्द सर्वाधिक लक्षात राहिली. पुढे दरबारी राजकारणात त्याला पदही गमवावे लागले आणि कैदही भोगावी लागली. १५८९ च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला.

शहा डोंगरावरची ही वास्तू त्याने हयातीतच बांधायला घेतली होती, असे मानले जाते.

आत काय आहे?

इमारत अष्टकोनी असून, मधल्या घुमटाकार दालनाभोवती तीन मजल्यांच्या कमानी आहेत. उंची सुमारे ७० फूट. डोंगरमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,०८० फुटांवर, म्हणजे शहरापेक्षा जवळपास ९०० फूट उंच आहे. त्यामुळे वर वारा भरपूर आणि नजर टाकावी तिकडे मोकळा मुलूख.

बहुतेक जण कमानींत फोटो काढून परततात. पण या वास्तूचे खरे कारण तळघरात आहे. तिथे सलाबतखान आणि त्याच्या पत्नीची कबर आहे. बाहेरच्या चौथऱ्यावरील कबरी त्याची दुसरी पत्नी आणि मुलाच्या असल्याचे सांगितले जाते.

चांदबीबीचे नाव कसे पडले?

चांदबीबी ही हुसेन निजामशाहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशाहाची पत्नी. १५९५-९६ मध्ये शहजादा मुरादच्या मुघल फौजेने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तिने किल्ला लढवला. पुढे १६०० मध्ये तिचा शेवट आपल्याच माणसांच्या हातून झाला आणि किल्लाही मुघलांकडे गेला.

तारखा जुळवून पाहिल्या, तर चांदबीबी किल्ला लढवत होती त्याच्या सहा-सात वर्षे आधीच सलाबतखानाचे निधन झाले होते. पण लोकांच्या मनात ठसली ती शूर चांदबीबी. त्यात कमानींमुळे लांबून वास्तू महालासारखीच दिसते. तिचे नाव या इमारतीला चिकटले, यात नवल नाही.

नाव चुकल्याने काय बिघडते?

चांदबीबीचा पराक्रम या इमारतीवर अवलंबून नाही. मात्र, इथे पुरलेल्या माणसाचे काम तिच्या नावाखाली झाकले जाते. शहराजवळचा फराहबक्ष महाल १५८३ च्या सुमारास पूर्ण झाला, तो सलाबतखानाच्या देखरेखीखाली. नगर तालुक्यातीलच भातोडीचा तलावही त्यानेच बांधला.

याच तलावाने पुढे इतिहास घडवला. १६२४ मध्ये मलिक अंबरने भातोडीच्या तलावाचे पाणी सोडून मुघल आणि आदिलशाही फौजांची कोंडी केली. या लढाईत शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. ज्या तलावाने मलिक अंबरला साथ दिली, त्याचा कर्ता याच डोंगरावर निजलेला आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

पाहायला जाताना काय लक्षात ठेवाल?

- ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संरक्षित स्मारक आहे.
- भिंतीवर नाव कोरणे किंवा मोडतोड करणे गुन्हा आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार (२०१० मध्ये सुधारित) दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.
- संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला मनाई आहे. त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते.
- डबा खायला चौथऱ्यावर बसण्याआधी खाली पाहा. तिथे कबरी आहेत. आपल्या घरच्यांच्या समाधीवर आपण ताट मांडणार नाही, तेच इथेही.

मुलांना घेऊन गेलात, तर चांदबीबीची गोष्ट जरूर सांगा. ती सांगायची खरी जागा मात्र नगरचा किल्ला आहे. या डोंगरावर सांगायची गोष्ट सलाबतखानाची.