बाळ रडले नाही तर नाळेचे काय करावे?

बाळ जन्मले की घरातले सगळे त्याच्या रडण्याकडे कान लावून बसतात. बाळ रडले की जीव भांड्यात पडतो. पण एखादे बाळ रडत नाही. हातपाय गळालेले, अंग निळसर, असे ते पडून राहते. दर 10 बाळांत साधारण एकाला पहिला श्वास घ्यायला मदत लागते. अशा वेळी नाळ कापावी की थांबावे? त्या घडीला वाद घालायला वेळ नसतो. म्हणून ही गोष्ट आधीच समजून घेऊ या.

नाळेचे काम

आईच्या पोटात बाळ श्वासातून हवा घेत नाही. गर्भपिशवीला वार चिकटलेली असते. वारेतून नाळेवाटे बाळाला प्राणवायू आणि अन्न मिळते. नाळेत तीन नळ्या असतात. दोन नळ्यांतून बाळाचे रक्त वारेकडे जाते. तिसरीतून ते प्राणवायू घेऊन परत येते.

म्हणजे वारेतले हे रक्त बाळाचेच. जन्माच्या वेळी या रक्ताचा सुमारे तिसरा हिस्सा वारेत आणि नाळेत असतो. नाळ कापायला थोडे थांबले, तर त्यातले 80 ते 100 मिलिलिटर रक्त बाळाकडे येते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळे रक्त पाव लिटरच्या आसपास. त्या मानाने ही भर मोठी आहे. या रक्तातले लोह पुढे कित्येक महिने बाळाला पुरते. अंगात रक्त कमी पडण्याचे भय कमी होते.

म्हणून रडणाऱ्या, श्वास घेणाऱ्या बाळाची नाळ लगेच कापू नये. 1 ते 3 मिनिटे थांबावे. जागतिक आरोग्य संघटनेचाही हाच सल्ला आहे.

वार भाजून जीव येतो का?

बाळ रडले नाही तर काही ठिकाणी नाळ तशीच ठेवून वार निखाऱ्यावर शेकत असत. "जीव वारेत अडकलाय, ऊब दिली की बाळात येईल," असे जुनी माणसे म्हणत. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. वार आत चिकटलेली आहे आणि नाळ उडते आहे, तोवर बाळाला तिच्यातून थोडाफार प्राणवायू मिळू शकतो. पण वार सुटून बाहेर पडली की तिचे काम संपले. विहिरीबाहेर काढलेल्या नळीतून पाणी येईल का? तसेच हे. वार शेकण्यात मिनिटे जातात. तेवढ्यात बाळाच्या मेंदूला इजा होते, नाहीतर बाळ दगावते.

बाळाला उलटे धरणे, चापट्या मारणे, गार पाणी शिंपडणे, नाकाशी कांदा धरणे, थाळी वाजवणे, हेही करू नये.

मग काय करावे?

पहिले मिनिट सोन्याचे असते. बाळ कोरड्या, स्वच्छ फडक्याने भराभर पुसावे. ओले फडके टाकून कोरड्यात घ्यावे. तोंडात घाण असेल तर ती पुसून काढावी. पाठ हलक्या हाताने चोळावी. एवढे नाळ न कापताही होते. पुष्कळ बाळे एवढ्यानेच रडतात.

तरीही बाळ श्वास घेत नसेल, तर त्याला हवा द्यावी लागते. त्यासाठी एक पिशवी आणि तोंडा-नाकावर बसणारा मुखवटा असतो. नर्सबाई त्याला अंबू बॅग म्हणतात. हे साधन बाळंतिणीच्या खाटेशीच असेल, तर नाळ असतानाही हवा देता येते. साधन दूरच्या टेबलावर असेल, तर नाळ ताबडतोब बांधून कापावी आणि बाळाला तिकडे न्यावे. रक्त थोडे कमी मिळाले तरी चालेल, श्वास अडून चालणार नाही.

अशा बाळांची नाळ पिळून त्यातले रक्त बाळाकडे सारता येईल का, यावर नागपूरच्या डॉक्टरांनी अभ्यास करून तो 2018 साली प्रसिद्ध केला. पण हे काम डॉक्टरांचे. घरी कोणी नाळ पिळू नये.

गडचिरोलीचा दाखला

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. न रडणाऱ्या बाळाला हवा कशी द्यावी, हेही शिकवले. बाळाला ऊब देणे, जंतुदोषावर औषध देणे, हीही कामे त्या करू लागल्या. काही वर्षांतच तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. हा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. हातात कला असली की गावातली बाईही बाळ वाचवते, हे त्यातून दिसले.

आपल्याकडे

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरातल्या वाड्या लांब आहेत. पावसाळ्यात ओढे भरतात, वाट बंद होते. कळा सुरू झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा दिवस भरत आले की बाईने दवाखान्याजवळ नात्यागोत्यात राहायला यावे. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव इथे ग्रामीण रुग्णालय आहे. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला पैसे पडत नाहीत. "हवा द्यायची पिशवी खाटेजवळ आहे ना?" असे नर्सबाईंना आधीच विचारावे. विचारण्यात लाज कसली?

आणि वाटेतच किंवा घरीच बाळ झाले तर? 108 ला फोन करावा आणि ते सांगतील तसे करावे. बाळ पुसून आईच्या उघड्या पोटावर ठेवावे, वरून दोघांना झाकावे. रडत नसेल तर पाठ चोळत राहावे. हवा देणारे माणूस जवळ नसेल तर नाळ कापून काही फायदा नाही. हाताशी असेल त्या विळ्याने ती मुळीच कापू नये, धनुर्वात होतो. नाळेवर राख, हळद, शेण काही लावू नये.

घरात कोणाला दिवस गेले असतील तर हा धडा तिला, तिच्या सासूला आणि नवऱ्याला वाचून दाखवा. बाळ रडत असेल तर नाळेला थांबा. बाळ रडत नसेल तर आधी श्वास.