घरचाच बेडूक, अंदमानात घुसखोर

मृगाच्या जोरदार सरी पडून गेल्या की बांधालगतच्या डबक्यात पिवळेधमक बेडूक गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवून ओरडताना दिसतात. हे भारतीय बुलफ्रॉगचे नर. हा थाट विणीपुरता, एरवी रंग मळकट हिरवा. आपल्याकडचा हा शेजारी अंदमानात मात्र स्थानिक बेडकांच्या मुळावर आलाय.

‘अंदमान भारतात, बेडूकही भारतीय, मग तो परका कसा?’ हा प्रश्न हमखास येतो. पण बेडकाला देशाच्या सीमेशी देणंघेणं नाही, त्याला अडवतो तो समुद्र. शेकडो मैल खारं पाणी ओलांडून तो गेलेला नाही. मत्स्यशेतीसाठी मुख्य भूमीवरून नेलेल्या मत्स्यबीजात त्याची पिल्लं मिसळून गेली असावीत, असं अभ्यासक मानतात.

‘बेडूक डास-किडेच खातो, वाढला तर बरंच!’ हाही एक समज. हा चांगला पंज्याएवढा होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो: गोम, सरडा, मासा, दुसरा बेडूक, कोंबडीचं पिल्लूसुद्धा. त्याहून घातक त्याचे बेडूकमासे. बहुतेक बेडूकमासे शेवाळ खरवडून जगतात, हे शिकारी आहेत. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अंदमानातल्या दोन स्थानिक जातींचे बेडूकमासे यांच्यासोबत ठेवले होते. त्या स्थानिकांतला एकही वाचला नाही.

मग दिसेल तो मारायचा? एक मादी हजारोंनी अंडी घालते, चार-दोन मोठे मारून संख्येला धक्का लागत नाही. शिवाय रात्री बॅटरी आणि काठी घेऊन निघालेल्या उत्साही माणसाच्या हातून स्थानिक बेडूकच मरायचे. अमेरिकेत योसेमिटी खोऱ्यात घुसखोर ठरलेला अमेरिकन बुलफ्रॉग हटवायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला, तेव्हा कुठे तिथे लाल पायांचे मूळ बेडूक पुन्हा सोडता आले.

पण ‘घातक’ हा शिक्का मुख्य भूमीवरच्या बेडकावर मारू नये, इथे तो घुसखोर नाही. उलट इथे त्याला संरक्षणच आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात आपण 1987 साली बंद केली. गोव्यात पावसाळ्यात चोरून होणारी त्याची शिकारही बेकायदाच.

अंदमानात खरी राखण करायची ती माशांची बोटुकली तळ्यात सोडण्याआधी. बादलीतलं पाणी पांढऱ्या घमेल्यात ओतावं आणि निरखावं. मासा लांबट, खवल्यांचा, पंख हलवणारा. गोलसर डोकं, मागे नुसती शेपटी आणि अंगावर एकही खवला नाही, असं जे वळवळतं ते बाहेर काढावं.