गळक्या माळवदाचे पद : रघु दीक्षित यांच्या पहिल्या अल्बममधील एक दुर्लक्षित गाणे

बेंगळुरूच्या लोकरॉक संगीताचा विषय निघाला की रघु दीक्षित यांच्या पहिल्या अल्बमचे नाव येतेच. नाशिकला जन्मलेल्या आणि मैसुरूत वाढलेल्या या गायकाचा हा अल्बम विशाल-शेखर या संगीतकार जोडीच्या काउंटर कल्चर रेकॉर्ड्सने २००८ साली प्रसिद्ध केला. त्यातील आठ गाण्यांपैकी चार हिंदी, दोन इंग्रजी आणि दोन कन्नड आहेत. जूल्स हॉलंड यांच्या ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमात २०१० मध्ये गायिलेल्या ‘हे भगवान’ने परदेशी श्रोते मिळवले, ‘मैसूर से आयी’ने महाविद्यालयीन तरुण मिळवले, आणि कन्नड गाण्यांपैकी ‘गुडुगुडिय सेदि नोडो’ त्याच्या उडत्या ठेक्यामुळे मैफिलीत रुळले. मागे राहिले ते ‘सोरुतिहुदु मनिय माळिगि’. कन्नड न जाणणारा श्रोता ते सहज ओलांडून जातो आणि कन्नड जाणणाऱ्याला आधी दुसराच एक आवाज आठवतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की या अल्बममधील सर्वांत खोल गाणे हेच आहे, आणि त्याचे मर्म मराठी वाचकाला इतर कोणाहीपेक्षा लवकर उमगावे.

या गाण्याचे शब्द शिशुनाळ शरीफ (१८१९–१८८९) यांचे आहेत. आजच्या हावेरी जिल्ह्यातील शिशुनाळ या खेड्यात मुसलमान कुटुंबात जन्मलेल्या शरीफांनी काही काळ शाळामास्तरकी केली आणि कळस गावच्या गोविंदभट्ट या ब्राह्मणाला गुरू केले. गोविंदभट्टांनी या शिष्याच्या गळ्यात जानवे घातले, अशी आख्यायिका त्या भागात आजही सांगितली जाते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ ज्यांना परिचित आहे, त्यांना या नात्याचे नवल वाटणार नाही. शरीफांच्या रचनांना ‘तत्त्वपद’ म्हणतात. एकतारीवर गायचे, रोजच्या व्यवहारातील एखादी वस्तू हाती धरून परमार्थ सांगणारे पद, असा त्याचा अर्थ. गुडगुडी, कोंबडी, तंबोरी, असे काहीही त्यांना चालते. पदाच्या शेवटी येणाऱ्या कवीच्या नाममुद्रेला कन्नडमध्ये ‘अंकित’ म्हणतात आणि शरीफांचे अंकित ‘शिशुनाळधीश’, म्हणजे शिशुनाळचा स्वामी, हे आहे.

‘सोरुतिहुदु मनिय माळिगि’ या शीर्षकाचा अर्थ ‘घराचे माळवद गळते आहे’ असा होतो. प्रमाण कन्नडमध्ये घराला ‘मने’ आणि धाब्याच्या छताला ‘माळिगे’ म्हणतात. धारवाडकडच्या बोलीत शेवटचा एकार इकार होतो आणि ‘मनि’, ‘माळिगि’ ही रूपे तयार होतात. द. रा. बेंद्रे यांनी, ज्यांची घरची भाषा मराठी होती, याच बोलीला विसाव्या शतकात कन्नड काव्याच्या मध्यभागी बसवले. मैसुरूच्या वळणात वाढलेल्या दीक्षितांनी ही रूपे प्रमाण भाषेत न आणता तशीच ठेवली, हा या गाण्याचा पहिला गुण होय, कारण तो इकार गेला तर पदाचे गावच पुसले जाते.

माळवद म्हणजे तुळयांवर आडवी लाकडे घालून त्यांवर मातीचा जाड थर चोपलेले सपाट छत. सोलापूर-मराठवाड्यात ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे ठाऊक असते की पावसाळ्यापूर्वी वर चढून उगवलेले गवत उपटावे लागते आणि नवी माती घालावी लागते. एक वर्ष आळस केला की पाणी घरात उतरते. शरीफांचे पद या घराची पाहणी एखाद्या गवंड्याच्या नजरेने करते. तुळई मोडकी आहे, वरची लाकडे किडली आहेत, सांधे सैल झाले आहेत, छतावर हरळी माजून किड्यांनी घरे केली आहेत. दुरुस्तीला घरात कोणी नाही आणि काळोखात वर चढणेही शक्य नाही. घर म्हणजे देह; गळतीचे कारण अज्ञान, हे तर पद आरंभीच सांगून टाकते, आणि बहुतेक श्रोते तेवढ्यावरच थांबतात.

पदाचा खरा कस मात्र शेवटच्या कडव्यात आहे. तेथे घरधनी बायकोला सांगतो की हा हुब्बीचा पाऊस करुणेने आला आहे आणि शिशुनाळधीश स्वतः उभा राहून सांभाळील. हुब्बी म्हणजे पूर्वा नक्षत्र; मराठी शेतकऱ्याच्या हिशेबात मघांनंतरचा आणि उत्तरांआधीचा, साधारणतः सप्टेंबरच्या पूर्वार्धातील पाऊस. ज्या पावसाने घर गळते, तोच पाऊस रानाला हवा असतो. त्यामुळे गळती हा केवळ दोष राहत नाही, तर आपले छत किती कुजले आहे हे दाखवणारी कृपाही ठरते. केवळ विलाप म्हणून हे गाणे बाजूला ठेवणाऱ्यांच्या हातून हा पालट निसटतो.

या गाण्यावरचा मोठा आक्षेप सी. अश्वथ (१९३९–२००९) यांच्या छायेतून येतो. कन्नड भावगीतांच्या या संगीतकाराने शरीफांची पदे घरोघरी पोहोचवली. टी. एस. नागाभरण यांच्या ‘संत शिशुनाळ शरीफ’ (१९९०) या चित्रपटाचे संगीत त्यांचेच होते, गोविंदभट्टांची भूमिका माथेरानला जन्मलेल्या गिरीश कार्नाड यांनी केली होती, आणि चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. अश्वथ यांच्या गळ्यातून ऐकलेले पद गिटार आणि ड्रमवर ऐकणे अनेक कानांना रुचत नाही. दक्षिण बेंगळुरूचा बनशंकरी परिसर या भावगीतांच्या परंपरेच्या विशेष जवळचा आहे. अश्वथ यांनी ज्यांच्या कविता स्वरबद्ध केल्या, ते राष्ट्रकवी जी. एस. शिवरुद्रप्पा तेथेच राहत होते. तथापि हा आक्षेप टिकत नाही. शरीफांची पदे मौखिक परंपरेने, एकतारीवाल्यांच्या तोंडून आली. त्यांना ‘मूळ’ म्हणावी अशी एकच चाल नाही, आणि अश्वथ यांचा वाद्यवृंदही एकतारीपासून तितकाच दूर होता. एका स्थलांतराला परंपरा आणि दुसऱ्याला आगळीक म्हणणे हा निव्वळ सवयीचा भाग आहे.

बनशंकरीने तरी अशा स्थलांतराला नाके मुरडू नयेत, कारण तो परिसरच एका स्थलांतरावर उभा आहे. अनेक मराठी घराण्यांची कुलस्वामिनी असलेली बनशंकरी मूळची बदामीची; तिच्या एका भक्ताने १९१५ मध्ये बेंगळुरूत मंदिर बांधले, आणि आता वसाहत व मेट्रो स्थानक दोन्ही तिच्याच नावाने ओळखली जातात. उत्तर कर्नाटकातील देवी राजधानीत आली तरी देवी राहते, तर उत्तर कर्नाटकातील पदही रॉकच्या वाद्यमेळात पदच राहते.

ही निवड दीक्षितांची तात्पुरती हौस नव्हती, हे पुढे सिद्ध झाले. २०१३ च्या ‘जग चंगा’ या दुसऱ्या अल्बममध्ये ते पुन्हा शरीफांकडेच वळले, आणि तेथील एका पदाचे शीर्षक आहे ‘लोकद काळजी’. त्यातील दुसऱ्या शब्दाचे भाषांतर मराठी वाचकासाठी करावे लागत नाही.