ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाची पुनर्बांधणी (२०११–२०१७)

ह्यूस्टन ॲस्ट्रोज हा अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील व्यावसायिक बेसबॉल संघ आहे. सलग तीन हंगामांत शंभराहून अधिक सामने गमावलेल्या या संघाने २०१७ साली आपले पहिले अजिंक्यपद मिळवले. दुबळ्या संघाने पुन्हा स्पर्धाक्षम कसे व्हावे, या चर्चेत त्याचे उदाहरण नेहमी दिले जाते.

पार्श्वभूमी

१९६२ साली पहिला हंगाम खेळलेला हा संघ २००५ मध्ये प्रथमच वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला. पण तेथे त्याला एकही सामना जिंकता आला नाही. पुढे प्रमुख खेळाडू वयस्क झाले आणि त्यांची जागा घेणारी तरुण फळी तयार नव्हती. १६२ सामन्यांच्या हंगामांत संघाने २०११ मध्ये १०६, २०१२ मध्ये १०७ आणि २०१३ मध्ये १११ सामने गमावले. २०११ च्या अखेरीस जिम क्रेन यांनी संघ विकत घेतला व जेफ लुनो यांना महाव्यवस्थापक नेमले.

नवोदितांची निवड

मेजर लीग बेसबॉलमध्ये तळाच्या संघाची खालच्या श्रेणीत घसरण होत नाही. उलट, शालेय व महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, त्या काळी आधीच्या हंगामातील सर्वांत दुबळ्या संघाला पहिली संधी मिळत असे. ॲस्ट्रोजला ती २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मिळाली.

मात्र पहिली निवड म्हणजे यशाची हमी नव्हे. २०१२ मध्ये निवडलेला कार्लोस कोरेया संघाचा आधारस्तंभ ठरला. २०१३ मधील मार्क ॲपेल ॲस्ट्रोजकडून मुख्य संघात एकही सामना खेळला नाही. २०१४ मधील ब्रेडी एकेन याच्याशी वैद्यकीय तपासणीनंतर करारच झाला नाही. त्याची भरपाई म्हणून २०१५ मध्ये मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या निवडीतून ॲलेक्स ब्रेगमन संघात आला. शिवाय होजे अल्टुवे, डॅलस कायकेल व जॉर्ज स्प्रिंगर हे महत्त्वाचे खेळाडू लुनो येण्यापूर्वीच संघाच्या व्यवस्थेत दाखल झालेले होते.

आकडेवारीचा वापर

संघाने नासामध्ये काम केलेले सिग मेडाल यांच्यासारख्या विश्लेषकांना निर्णयप्रक्रियेत स्थान दिले. इतर संघाने सोडलेला पिचर कॉलिन मॅकह्यू याला घेतले आणि त्याने २०१५ मध्ये १९ विजय मिळवले. हे गणित प्रत्येक वेळी जुळले नाही. २०१४ मध्ये मुक्त केलेला जे. डी. मार्टिनेझ डेट्रॉइट संघात जाऊन उत्तम फलंदाज ठरला.

पुनरागमन

२०१५ मध्ये ८६ विजयांसह संघ बाद फेरीत पोहोचला. तरुण फळी स्थिरावल्यावर अनुभवी खेळाडू आणण्यात आले. ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस डेट्रॉइटकडून घेतलेला पिचर जस्टिन व्हरलँडर हा त्यांतील निर्णायक ठरला. त्या वर्षी १०१ सामने जिंकून संघाने लॉस एंजेलस डॉजर्सला सात सामन्यांच्या मालिकेत पराभूत केले.

टीका व वाद

प्रेक्षक तिकिटाचे पूर्ण मोल देत असताना मालकाने जाणूनबुजून कमी खर्चात दुबळा संघ उतरवणे कितपत न्याय्य, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला गेला. २०२२ च्या कामगार करारानुसार ड्राफ्टमधील पहिले सहा क्रमांक सोडतीने ठरू लागले. त्यामुळे तळाला राहण्याचा लाभ घटला.

२०१७ च्या हंगामात संघाने कॅमेऱ्याच्या साहाय्याने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा टिपल्या आणि कचऱ्याचा डबा वाजवून त्या फलंदाजाला कळवल्या, हे पुढे चौकशीत सिद्ध झाले. जानेवारी २०२० मध्ये संघाला ५० लाख डॉलर दंड झाला व दोन वर्षांच्या ड्राफ्टमधील पहिल्या दोन फेऱ्यांच्या निवडी काढून घेण्यात आल्या. लुनो व व्यवस्थापक ए. जे. हिंच यांना वर्षभरासाठी निलंबित करण्यात आले आणि संघाने दोघांनाही पदावरून दूर केले. अजिंक्यपद मात्र काढून घेण्यात आले नाही. २०२२ मध्ये नव्या व्यवस्थापनाखाली संघाने दुसरे अजिंक्यपद मिळवले. तरीही २०१७ च्या विजयाकडे पुनर्बांधणीचा आदर्श म्हणून पाहताना या प्रकरणाचा उल्लेख टाळता येत नाही.