जुन्या कॅसेटमधील चित्र का फाटते?

सातपुड्याच्या कुशीतले गाव असो की तापीकाठचे, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात जुनी पेटी उघडली तर तीत एखादी व्हिडिओ कॅसेट सापडण्याचा संभव असतो. कोणाच्या लग्नाची, कोणाच्या सारंगखेड्याच्या यात्रेची, तर कोणाच्या होळीची. १९७६ साली जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस पद्धत बाजारात आणली आणि १९८५ मध्ये सोनीची आठ मिलिमीटर रुंद फितीची पद्धत आली. तेव्हापासून साधी माणसेही कॅमेऱ्यात उतरू लागली. पण जुलै २०१६ मध्ये फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर बनविणे थांबविले आणि त्या यंत्राचे उत्पादनच संपले. आता जी जुनी यंत्रे चालू आहेत, त्यांच्याच भरवशावर या फिती संगणकात उतरवून घ्यावयाच्या आहेत.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. सरदार सरोवराच्या बुडिताखाली अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील ३३ गावे आली. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले आणि २०१७ मध्ये धरण १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीचे झाले. आनंद पटवर्धन व सीमंतिनी धुरू यांच्या ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) या माहितीपटात त्या खोऱ्याचे दर्शन घडते. पण घरोघरी पेटीत पडलेल्या फितींची नोंद कोण ठेवणार? आमच्या पुनर्वसन वसाहतीत अशीच एक कॅसेट आहे. बुडालेल्या गावची होळी तीत आहे. शहरातल्या एका स्टुडिओत ती लावली, तेव्हा जुन्या टीव्हीवर चित्र थोडे थरथरत का होईना, पण दिसले. तीच संगणकाला जोडली, तर चित्र मध्येच गोठे, उडी मारी आणि शेवटी पडदा निळा होई. बघणारे म्हणाले, “कॅसेट मेली.” ती मेली नव्हती. असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे.

व्हीसीआरमध्ये एक तिरका ड्रम असतो. आपल्याकडील पाल पद्धतीत तो सेकंदाला २५ वेळा फिरतो. त्याच्यावरील दोन हेड फितीवर तिरप्या रेघा वाचतात. एका रेघेत अर्धे चित्र असते, म्हणून सेकंदाला ५० अर्धी चित्रे मिळतात. प्रत्येक चित्र ६२५ ओळींचे आणि प्रत्येक ओळीला वेळ ६४ मायक्रोसेकंद. फीत जुनी होऊन ताणली गेली की ओळी कधी लवकर, कधी उशिरा येतात. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे सांभाळून घेतो. संगणकाला जोडलेले कॅप्चर यंत्र मात्र काटेकोर असते. वेळ चुकली की ते चित्र गाळते, नाहीतर कॅसेट कोरी समजून निळा पडदा दाखविते.

म्हणून दोष शोधताना आधी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, व्हीसीआर सरळ टीव्हीला जोडला असता चित्र नीट दिसते काय? दिसत असेल, तर दोष बहुधा संगणकाच्या बाजूचा किंवा वेळेचा आहे. दुसरा, फीत मागे घेऊन पुन्हा लावली, तर बिघाड त्याच जागी येतो काय? त्याच जागी येत असेल तर तो फितीत आहे. जागा बदलत असेल तर यंत्रात किंवा वायरीत. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन बदलल्या तर गुण कशाचा, ते कळत नाही.

आता काही लक्षणे पाहू. पडद्यावर सर्वत्र मुंग्या दिसल्या तर हेड मळले आहेत असे समजावे. यंत्र बंद करून, प्लग काढून, मऊ चामड्याच्या तुकड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावावे, तो ड्रमला हलके टेकवून स्थिर धरावा आणि ड्रम हाताने फिरवावा. तुकडा वर-खाली घासू नये, हेड तुटते. कापूसही वापरू नये, त्याचे तंतू अडकतात. मुंग्यांचा आडवा पट्टा दिसत असेल तर ट्रॅकिंगचे बटण हळूहळू फिरवावे. क्षणभर चमकणाऱ्या पांढऱ्या रेघा म्हणजे फितीवरील चुंबकीय लेप उडाल्याची खूण. तेवढे गेलेले परत येत नाही. परदेशातून आलेली कॅसेट रंगहीन दिसून चित्र वर-खाली पळत असेल, तर ती एनटीएससी पद्धतीची, ५२५ ओळींची असू शकते. तिला ती पद्धत वाचणारे यंत्र हवे. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असू शकते. अशी कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये, कारण बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटींत पसरते.

चित्राचा वरचा भाग वाकत असेल किंवा ते गोठत असेल, तर टाइम बेस करेक्टर लागतो. हे उपकरण ओळी क्षणभर साठवून नेमक्या वेळेला पुढे सोडते. ते महाग असते; पण काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडले तरी बरेचसे काम भागते. आमची होळी अशीच उतरली. लेप उडालेले काही सेकंद गेले, बाकी सारे मिळाले. डीव्ही पद्धतीने एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. दोन निरनिराळ्या डिस्कवर प्रत ठेवावी आणि मूळ कॅसेट फेकू नये.

मित्रहो, एक काम मात्र कोणतेही यंत्र करणार नाही. चित्रातली माणसे कोण, ढोल कोणाच्या खांद्यावर आहे, मागचे घर कोणाचे, हे सांगणारी वडीलधारी मंडळी आज आपल्यात आहेत. आमच्या फितीतील अकरा जणांची नावे आम्ही वहीत उतरविली. चौघांना ओळखणारे कोणी उरलेले नाही. आपल्या घरची पेटी येत्या पावसाळ्याच्या ओलीआधी उघडावी, आणि कॅसेटीबरोबर वहीही जवळ ठेवावी, एवढीच विनंती.