कराच्या तारखा: मुदतवाढ नेमकी कशाला मिळते?

(हे या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी मजकूर तोच आहे. ध्वनिमुद्रण नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस केलं.)

आजचा भाग तारखांचा. गेल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्याकडून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न म्हणजे, "सर, वर्षभरातल्या कर भरायच्या सगळ्या तारखांची एक यादी द्या ना." यादी देणं सोपं आहे. नेटवर चाळीस-पन्नास तारखांच्या रंगीत याद्या हव्या तेवढ्या मिळतात. त्यातल्या तुमच्या कामाच्या सात-आठच असतात आणि त्याच त्या गर्दीत हरवतात. म्हणून यादी नंतर बघू, आधी एक फरक समजून घेऊ.

आयकरात दोन प्रकारच्या तारखा असतात. एक कागदाची, म्हणजे रिटर्न भरायची. दुसरी पैशाची, म्हणजे प्रत्यक्ष कर भरायची. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ३१ जुलै पक्की बसलेली असते, आणि ती कागदाची तारीख आहे. पैशाच्या तारखा तोवर कधीच उलटून गेलेल्या असतात. त्या चार आहेत: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. यालाच ॲडव्हान्स टॅक्स किंवा आगाऊ कर म्हणतात. वर्षाच्या अंदाजे करापैकी जूनपर्यंत १५ टक्के, सप्टेंबरपर्यंत ४५, डिसेंबरपर्यंत ७५ आणि मार्चपर्यंत पूर्ण १०० टक्के भरलेला असायला हवा.

आता यंदाचंच उदाहरण घ्या. २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या रिटर्नची ३१ जुलैची मुदत सरकारने मे महिन्यातच वाढवून १५ सप्टेंबर केली. मग शेवटच्या दिवशी रात्री उशिरा आणखी एक दिवस मिळाला, १६ सप्टेंबर. "मुदत वाढली" हा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरला आणि लोक निवांत झाले. पण ही वाढ रिटर्नला होती. ज्यांचा कर बाकी होता त्यांचं व्याज एप्रिलपासून चालूच होतं. आणि गंमत म्हणजे त्याच १५ सप्टेंबरला चालू वर्षाच्या आगाऊ कराचा दुसरा हप्ता होता, त्याची तारीख एका दिवसानेही हलली नाही. पोर्टलशी झगडत मागच्या वर्षाचं रिटर्न भरणारे कित्येक जण चालू वर्षाचा हप्ता साफ विसरले.

आकडे घेऊन बोलू, म्हणजे नेमकं कळेल. समजा, टीडीएस वजा जाता तुमचा २०२४-२५ चा कर ८०,००० रुपये निघाला आणि वर्षभरात तुम्ही आगाऊ काहीच भरलं नाही. हप्ते चुकल्याचं व्याज कलम २३४-सी खाली लागतं, दरमहा १ टक्का. पहिल्या तीन हप्त्यांना तीन-तीन महिन्यांचं आणि शेवटच्याला एका महिन्याचं. जूनचे १५ टक्के म्हणजे १२,०००, त्यावर ३६० रुपये. सप्टेंबरचे ४५ टक्के म्हणजे ३६,०००, त्यावर १,०८०. डिसेंबरचे ६०,०००, त्यावर १,८००. मार्चचे पूर्ण ८०,०००, त्यावर ८००. बेरीज ४,०४०. हे झालं एक व्याज. दुसरं कलम २३४-बी चं. ३१ मार्चपर्यंत एकूण कराच्या ९० टक्के भरले नसतील तर १ एप्रिलपासून, पैसे भरेपर्यंत, दरमहा १ टक्का. महिन्याचा एक दिवस झाला तरी पूर्ण महिना धरतात. ३१ जुलैला भरले तर चार महिन्यांचे ३,२००. "मुदत वाढलीय ना" म्हणून १५ सप्टेंबरला भरले तर सहा महिन्यांचे ४,८००. म्हणजे एकूण ८,८४०. मुदतवाढीच्या आनंदापायी १,६०० रुपये जादा गेले आणि कुणी लेट फी लावली नाही म्हणून ते कळलंही नाही. तेच ८०,००० जर ३१ मार्चपर्यंत भरले असते, तर दुसरं व्याज लागलंच नसतं. मार्चची पंधरा तारीख हुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेला पैसा आगाऊ करातच धरतात, हे फार लोकांना माहीत नसतं.

आता तुम्ही म्हणाल, आमचा तर टीडीएस कापला जातो, मग हा कर राहतो कुठून? नोकरीत असाल आणि दुसरं काही उत्पन्न नसेल, तर बहुतेक वेळा राहत नाही, कंपनी सगळा हिशोब करून कापते. पण फ्रीलान्स काम करणाऱ्यांचा व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापला जातो आणि तुमचं उत्पन्न २० किंवा ३० टक्क्यांच्या टप्प्यात गेलेलं असतं. मधला फरक कोण भरणार? एफडीच्या व्याजाचं तेच, घरभाड्याचं तेच. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त होत असेल, तर आगाऊ कर लागू झाला. यात दोन सवलती आहेत. साठी ओलांडलेले आणि धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेले ज्येष्ठ नागरिक, म्हणजे पेन्शन, व्याज, भाडं यांवर चालणारे आपले आईवडील, यांना आगाऊ कराचं बंधनच नाही. आणि जे डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट वगैरे कलम ४४-एडीए खाली जमेच्या ५० टक्के नफा धरून रिटर्न भरतात, किंवा छोटे व्यापारी ४४-एडी खाली भरतात, त्यांना चार हप्ते नाहीत. एकच, १५ मार्च. वरच्याच उदाहरणात त्यांचं २३४-सी चं व्याज ४,०४० नाही, फक्त ८०० होतं.

शेअर्स, म्युच्युअल फंड किंवा प्लॉट विकून नफा झाला, तर जूनमध्ये त्याचा अंदाज कसा असणार? कायद्यालाही हे मान्य आहे. विक्री झाल्यानंतर जे हप्ते उरलेत त्यांत त्यावरचा कर भरला तर मागच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही. जानेवारीत विकलं तर १५ मार्चला भरा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विकलं तर ३१ मार्चच्या आत. इथे एक धोक्याची सूचना. यंदापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही, असं आपण ऐकलंय. पण ती सूट शेअर्सच्या नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नाला नाही. "माझं उत्पन्न बारा लाखांच्या आत आहे" म्हणून आगाऊ कराकडे पाठ फिरवू नका, आधी ते उत्पन्न कशाचं आहे ते बघा.

मग कागदाच्या तारखेला महत्त्व नाही का? आहे, पण लोक ज्यासाठी घाबरतात त्यासाठी नाही. उशीर झाला तर ५,००० रुपये लेट फी, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००. लोक मनात हिशोब करतात, पाच हजार तर पाच हजार, भरू डिसेंबरमध्ये. माझ्याकडे एक तरुण असाच आला होता. शेअर्समध्ये तीन लाखांचा अल्पकालीन तोटा झालेला. निराश होऊन त्याने रिटर्नकडे बघितलंच नाही, नोव्हेंबरमध्ये आला. रिटर्न वेळेत भरलं असतं, तर तो तोटा पुढची आठ वर्षं ओढता आला असता आणि पुढच्या नफ्यातून वजा झाला असता. अशा नफ्यावर आता २० टक्के कर आहे, म्हणजे ६०,००० रुपयांचा कर वाचवायची संधी होती. उशिराच्या रिटर्नमध्ये ती जाते. जुनी करप्रणाली निवडायची मुभाही उशिराच्या रिटर्नमध्ये मिळत नाही. गृहकर्जाचं व्याज आणि ८०-सी धरून बसलेल्यांना हे फार महागात पडतं. शेअर्समध्ये आपटलेल्या माणसाने तर रिटर्न सगळ्यात आधी भरावं असं माझं मत आहे.

आणि रिटर्न भरलं म्हणजे झालं असंही नाही, ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. आधारचा ओटीपी टाकायला एक मिनिट लागतं.

आता अशी एक तारीख, जी मुंबई, ठाणे, पुण्यातल्या भाडेकरूंना हमखास माहीत नसते. महिन्याचं भाडं ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर भाडेकरूने, हो, तुम्ही-आम्ही साध्या पगारदारानेसुद्धा, घरमालकाचा २ टक्के टीडीएस कापून सरकारला भरायचा असतो. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, म्हणजे मार्चच्या भाड्यातून, पूर्ण वर्षाचा एकदाच कापायचा आणि महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा, फॉर्म २६-क्यूसी. मधेच घर सोडलं तर सोडायच्या महिन्यात. भाडं ५५,००० असेल तर वर्षाचे ६,६०,०००, त्याचे २ टक्के १३,२००. उशीर झाला तर व्याज वेगळं आणि रोजचे २०० रुपये शुल्क, टीडीएसच्या रकमेइतकं होईपर्यंत. म्हणजे ६६ दिवसांत १३,२०० चे आणखी १३,२००. आणि हे तुमच्या खिशातून, घरमालकाच्या नाही. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर विकत घेताना १ टक्क्याचंही असंच आहे, तिथे फॉर्म २६-क्यूबी. बिल्डरचं ऑफिस आठवण करून देतं. जुना फ्लॅट थेट मालकाकडून घेताना कुणी देत नाही.

जीएसटीवर वेगळा भाग केलाय, त्यामुळे इथे थोडक्यात. तिमाही रिटर्नवाल्या छोट्या व्यावसायिकांसाठी तिमाही संपल्यावर १३ तारखेला जीएसटीआर-१, आणि महाराष्ट्र-गोव्यासाठी २२ तारखेला ३-बी. मधल्या दोन महिन्यांचा कर २५ तारखेला. काहीच विक्री नसली तरी रिटर्न भरायचंच, नाहीतर रोज २० रुपये चढत राहतात. आणि आपल्या राज्याचा व्यवसाय कर: स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याने वर्षाचे २,५०० रुपये ३० जूनपर्यंत. घरपट्टी तुमच्या महापालिकेच्या बिलावर बघा, सवलतीची तारीख तिथेच छापलेली असते.

या सगळ्याची आठवण ठेवायची कशी? मोबाइलवरचा रिमाइंडर आपण अंगठ्याने बाजूला सारतो, हा सगळ्यांचाच अनुभव. मी अशिलांना सांगतो, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहा. दुधाचा खाडा लिहितो त्याच चौकटीत. घरातल्या चार माणसांच्या डोळ्यांसमोर राहतं आणि कुणीतरी विचारतंच. फक्त १५ तारखेला लिहू नका, १० ला लिहा. पुढच्या वर्षी गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे १५ ला दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन. त्या दिवशी कोण चलान भरत बसणार? येता १५ मार्च रविवार आहे. शेवटच्या दिवशी नेट बँकिंगची दिवसाची मर्यादा आडवी येते हेही नेहमीचं.

आणखी एक सवय लावा. प्रत्येक हप्त्याच्या आधी पोर्टलवर २६-एएस उघडून बघा. जुलै ते सप्टेंबरमध्ये कापलेल्या टीडीएसचं विवरण कापणाऱ्याने ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायचं असतं. त्यामुळे आत्ता, नोव्हेंबर अखेरीस, ते दिसायला हवं. क्लायंटने कापला पण तिथे दिसत नाही, तर त्याला आत्ताच फोन करा. जुलैमध्ये तो ओळख दाखवीलच असं नाही.

येत्या १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय. कलमांचे आकडे बदलतील, 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' येईल. आगाऊ कराच्या चार पंधरा तारखा मात्र त्यातही तशाच आहेत.

तर येता सोमवार धरून चालायचा तो १५ डिसेंबरचा. यंदा जून आणि सप्टेंबर दोन्ही हुकले असतील, तर वरच्या ८०,००० च्या हिशोबात तुमचे १,४४० रुपये गेले, ते परत येत नाहीत. पण १५ डिसेंबरपर्यंत ६०,००० भरले, तर पुढचे १,८०० वाचतात. भरताना पोर्टलच्या ई-पे टॅक्समध्ये आकारणी वर्ष २०२६-२७ निवडा, २०२५-२६ नाही. प्रकार ॲडव्हान्स टॅक्स, कोड १००. कोड ३०० हा रिटर्नच्या वेळच्या सेल्फ असेसमेंटचा. चुकीचं वर्ष पडलं तर पैसे सरकारकडे जातात, पण तुमच्या हिशोबात दिसत नाहीत, मग दुरुस्तीच्या मागे लागावं लागतं. चलानाची पीडीएफ उतरवून स्वतःलाच ईमेल करून ठेवा. आणि मागच्या वर्षाचं रिटर्न अजून राहिलं असेल किंवा त्यात दुरुस्ती असेल, तर त्यासाठी ३१ डिसेंबर आहे. पुढच्या भागात २६-एएस आणि एआयएस शेजारी शेजारी ठेवून वाचू.